वॉरंट लागत नाही, पण कारण लागतं!

‘आधी वॉरंट दाखवा’ हा डायलॉग आपण सिनेमातून शिकलो. पण मित्रांनो, दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना अटकेसाठी वॉरंट लागत नाही, आणि हे इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. मग सामान्य माणसाच्या हातात उरतं काय? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५४ बघा. दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय असला की वॉरंटशिवाय अटक. घरफोडीचं हत्यार सापडलं तरी अटक, आणि ते का बाळगलं हे सिद्ध करायचं पकडलेल्यानेच. कलम ५५ त्याच्याही पुढे. पोटापाण्याचं साधन दिसत नाही, एवढ्यावरही ठाण्याचा प्रमुख माणूस उचलू शकत होता.

याहून वाईट म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. नोंद झालेला माणूस पासाशिवाय हद्दीबाहेर दिसला, तर पोलीसच काय, गावचा राखणदारही त्याला पकडू शकायचा. गुन्हा काय? अमुक जमातीत जन्मला! १९११ नंतर हा फास मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही त्याचीच खूण. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. म्हणून भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

आता संविधान सभेत या. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवं कलम मांडलं, आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील करू द्या आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. काही सदस्य म्हणाले, हे तर संहितेत आहेच, यात नवीन काय? बाबासाहेबांचा मुद्दा सरळ होता: संहिता कोणतंही विधिमंडळ बदलू शकतं, संविधानात घातलं की त्यांचे हात बांधले जातात. याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची पळवाट राहिली, हेही खरं.

तरीही सवय सुटली नाही. जानेवारी १९९४ मध्ये गाझियाबादचे तरुण वकील जोगिंदर कुमार यांना चौकशीला बोलावलं आणि पाच दिवस सोडलंच नाही. सुप्रीम कोर्टाने तेव्हा बजावलं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि तो वापरायला सबळ कारण असणं वेगळं. पुढे २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने सांगितलं, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची हे पोलिसांनी लिहून द्यावं आणि मॅजिस्ट्रेटनेही डोळे झाकून कोठडी देऊ नये.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुनं कलम ४१ आता कलम ३५ मध्ये आहे. अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस आजारी किंवा साठीच्या पुढचा असेल, तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. वॉरंटवरून हुज्जत घालू नका. कारण विचारा, वेळ लिहून ठेवा, घरच्यांना कळवलं का ते पाहा. शिकलेला माणूस हे विचारेलच. पालावर राहणाऱ्याला कोणी सांगितलंय का? तिथपर्यंत हे पोचवा.