हजेरी

सोलापूरच्या कोर्टात नवीन होते तेव्हा एक मावशी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पोराला आदल्या रात्री उचलला होता. "पोरगा कुठाय" हे त्यांनी विचारलंच नाही, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "मॅडम, कलम कुठलं लावल्यात ओ?"

कलम होतं भारतीय न्याय संहितेचं ३०५, घरातली चोरी. जुन्या दंडसंहितेत हेच ३८० होतं. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले, तरी कोर्टाच्या व्हरांड्यात अजून बरेच जण जुनेच आकडे बोलतात. सात वर्षांपर्यंतची शिक्षा. जामीन झाला. अट अशी, की दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दर रविवारी सकाळी पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. मी ही अट समजावून सांगायला लागले, तर मावशी हसल्या. "हजेरी व्हय? ती काय आमाला नवी हाय काय. सासऱ्यांची बी हजेरीच हुती."

मावशी सेटलमेंटमधल्या. सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढं म्हटलं की तो नेतो. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ते एखाद्या कॉलनीचं इंग्रजी नाव वाटतं. मलाही वाटायचं. मूळ नाव होतं क्रिमिनल ट्राइब्ज सेटलमेंट, म्हणजे गुन्हेगार जमातींची वसाहत. ती तारेच्या कुंपणाच्या आत होती. मावशींच्या सासऱ्यांनी त्या कुंपणाच्या आत हजेरी दिली होती.

त्या दिवसापासून मी तो जुना कायदा वाचायला लागले. वाचत होते वकील म्हणून, त्यामुळे डोकं एकाच जागी अडकलं. माझ्याकडे हे सासरे पक्षकार म्हणून आले असते, तर मी नेमकं काय केलं असतं?

इंग्रजांनी १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आणला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये नवा कायदा करून तो देशभर लागू करता येईल असं केलं, त्यात आपला मुंबई इलाखाही आला. १९२४ मध्ये सगळं एकत्र करून पुन्हा लिहिलं. युक्तिवाद साधा होता: सुताराचा पोरगा सुतार होतो, तसा चोराचा पोरगा चोर. सरकारला एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग गुन्ह्यांना सरावलेला वाटला की गॅझेटमध्ये अधिसूचना काढायची. अधिसूचना निघाली की त्या जमातीतल्या माणसांची नावं रजिस्टरमध्ये, बोटांचे ठसे कागदावर. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींची माणसं या कायद्याच्या कचाट्यात सापडली. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास काढायचा. सरकारच्या मनात आलं तर सगळ्यांना उचलून सेटलमेंटमध्ये ठेवायचं. सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून शाळेत टाकायचाही अधिकार कायद्यातच लिहिलेला होता.

या सगळ्यात आरोप कुठेच नाही. कुणी, कधी, कुठे, काय केलं, यातलं काही सांगावं लागत नाही.

आमचा धंदा 'आरोप' या एका शब्दावर उभा आहे. फिर्याद वाचताना मी आधी तारीख बघते, मग वेळ, मग जागा. त्या वेळी माझा पक्षकार दुसरीकडे होता का? मुद्देमाल कुणाच्या घरातून निघाला? पंच कोण? ओळखपरेड झाली का? उलटतपासणीचा प्रत्येक प्रश्न याच खुंट्यांना टांगलेला असतो. खुंट्याच काढून घेतल्या तर कितीही नावाजलेला वकील आणा, तो बोलणार काय? 'माझा अशील कैकाडी नाही' एवढंच म्हणता येईल. ते खोटं असेल तर तेही नाही.

मग अधिसूचनेलाच आव्हान द्यायचं का? कायदा करणाऱ्यांनी ते दारही आधीच बंद केलं होतं. अधिसूचना वैध आहे की नाही, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाने विचारायचा नाही, असं कलमच घातलेलं होतं. १८७१ मध्ये होतं, पुढे १९२४ मध्येही राहिलं. मी ते दोनदा वाचलं. कोर्टाला प्रश्न विचारायला बंदी असेल, तर वकिलाला फी कशाची द्यायची?

बरं, एखाद्यावर खराखुरा खटला झालाच, तर तिथेही माप वेगळं. ठराविक गुन्ह्यांत नोंदलेला माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला की किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. चोरीच्या संधीची वाट बघत होता असं कोर्टाला पटलं, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. रात्री रस्त्यावर उभं राहणं हाच पुरावा.

सोलापूरच्या सेटलमेंटला आणखी एक बाजू होती, गिरण्यांची. जुनी मिल १८७७ ची. पुढे शहरात आणखी गिरण्या आल्या आणि त्यांना माणसं लागत होती. कुंपणाच्या आतली माणसं गिरणीत जाऊ लागली. इकडे वसाहतीची हजेरी, तिकडे गिरणीची. सुधारणा म्हणून चालवलेल्या या कारभारात शाळा होत्या, मिशनरी होते, घामाची कमाई होती, हे सगळं खरं आहे. काही कुटुंबांत शिक्षण तिथूनच आलं, हेही मी त्याच वस्तीत ऐकलंय. पण संध्याकाळी कुंपणाच्या आत परतावं लागणाऱ्या माणसाला कामगार म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

याच शहरात, याच काळात, दुसरा एक इतिहास घडला. तो शाळेत शिकवतात. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली आणि १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली. चौकातले चार पुतळे सोलापुरात आलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. तो निकाल अन्यायाचा होता असं हे शहर मानतं. पण अन्याय झाला असं म्हणायलाही काहीतरी हातात लागतं: आरोप काय होता, साक्षीदार कोण, ते काय बोलले. चार हुतात्म्यांच्या बाबतीत खटला होता, म्हणून तो खोटा म्हणता येतो. सेटलमेंटच्या रजिस्टरातल्या माणसांना तेही मिळालं नाही. त्यांच्याविरुद्ध निकालच नव्हता, मग अपील कशावर करणार?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. विमुक्त दिन तोच. सोलापूरच्या सेटलमेंटची तार पंडित नेहरूंनी स्वतः तोडली असं सांगतात. वस्तीत प्रत्येक घरी ही गोष्ट थोडी वेगळी ऐकायला मिळते. त्याआधी अडीच वर्षं राज्यघटना आली होती. तिच्या २२ व्या अनुच्छेदात तीन गोष्टी आहेत: अटकेचं कारण सांगा, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. कॉलेजात हे पाठ केलं तेव्हा कोरडं वाटलं होतं. सेटलमेंटचा कायदा वाचल्यावर वाटलं, हा अनुच्छेद त्या रजिस्टरला दिलेलं उत्तर आहे. अटकेची कारणं आता लेखी आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, नोटीस देऊन बोलवायचं, हे तर २०१४ पासून आहे. मावशींच्या पोराला नोटीस नव्हती आली. जामिनाच्या अर्जात मी पहिला मुद्दा तोच घेतला.

पण रजिस्टर गेलं म्हणून सवय जात नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीऐवजी माणूस बघायचा होता, ही खरीच सुधारणा. शिवाय आपल्याकडे 'चॅप्टर केस' आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या चॅप्टरवरून पडलेलं हे नाव, नव्या संहितेत तो नववा झाला तरी चिकटून आहे. चॅप्टरमध्ये घडलेल्या गुन्ह्याचा खटला नसतो. 'हा पुढे काही करील' म्हणून बाँड घेतात. सोलापूर शहरात आयुक्तालय असल्यामुळे ही सुनावणी पोलीस अधिकाऱ्यासमोरच होते. तडीपारी त्याच जातीची. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं, आणि साक्षीदारांची नावं अनेकदा गुप्त. म्हणजे पुन्हा कुणी, कधी, कुठे हे धूसर. फरक एवढाच, आणि तो लहान नाही: आता कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, वकील घेऊन जाता येतं आणि तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. घरी अशी नोटीस आली तर 'नुसती चॅप्टर आहे' म्हणून कपाटात टाकू नका. पुढच्या प्रत्येक जामिनाच्या वेळी ती नोटीस कपाटातून बाहेर येते.

खटला पूर्ण चालूनही काय होऊ शकतं, तेही सांगायला हवं. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबातल्या पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांत एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई, सोळा वर्षांनंतर. तो कागद सुरुवातीलाच कुणीतरी नीट धरून बसायला हवा होता.

वकील कसा निवडायचा असं मला विचारतात तेव्हा मी हाच खटला सांगते. ओळखीचा, मोठ्या गाडीचा, 'साहेबांशी बोलून घेतो' म्हणणारा नको. एफआयआरची प्रत मागून तुमच्यासमोर वाचणारा हवा. सुटका झाली तरच फी, असा सौदा वकिलाला करताच येत नाही. कुणी करत असेल तर उठून या. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा फोन आहे, लोकअभिरक्षक कार्यालय आहे. यात एक मेख मला नेहमी टोचते. मोफत वकील मिळण्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, पण विमुक्त जातींचं नाव त्या यादीत नाही. कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जाती आहेत आणि सोलापुरात विमुक्त. स्त्रिया आणि कोठडीतला माणूस मात्र उत्पन्न न बघता पात्र असतात. म्हणजे मावशींच्या पोराला तो आत असताना मोफत वकील हक्काने मिळाला असता, त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. त्या माझ्याकडे कानातलं गहाण टाकून आल्या होत्या.

दोषारोपपत्र यायला वेळ लागला. रविवारी पोरगा कामाला जाऊ शकत नव्हता, रोजगार बुडायचा. हजेरीची अट शिथिल करावी म्हणून मी अर्ज टाकला. अर्जात सासऱ्यांचं काही लिहिलं नाही, ते कोर्टाच्या कामाचं नव्हतं. सरकारी वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. "काय झालं ओ?" म्हणाल्या.

"तारीख पडली," मी म्हटलं. "तवर रविवारचं जायचंच."


"जातो की," पोरगा म्हणाला, आणि सही करायला ठाण्यात किती वाजता पोचायचं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.