शंख बघून गोगलगाय कशी ओळखतात? वर्ध्याच्या काळ्या खडकापासून मेघालयातल्या गुहेपर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचं गाव आहे. इथल्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये या दगडांची लोककथा नोंदलेली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्याकडचे नारळ आणि बाकीचा माल दगड झाला, अशी ती कथा. त्याच नोंदीत हे दगड झिओलाइट खनिजाचे गोळे असल्याचंही म्हटलं आहे.

म्हणजे एखादा दगड फळासारखा दिसला म्हणून तो जीवाश्म ठरत नाही. पण ज्या खडकाच्या पट्ट्यात हे गोळे तयार होतात, त्याच पट्ट्यात विदर्भात गोगलगायींचे खरेखुरे दगड झालेले शंखही सापडतात. मग शंख कुठला आणि नुसता गोळा कुठला? आणि शंखच असेल, तर तो कोणत्या गोगलगायीचा?

शंखात काय बघतात?

गोगलगायीचा शंख तोंडाच्या कडेने वाढत जातो. टोकावरचा भाग सगळ्यात जुना, म्हणजे पिल्लू असतानाचा. म्हणून एकाच शंखात तिची सगळी वाढ नोंदलेली असते. ओळख पटवताना मुख्यतः या खुणा तपासतात:

• वळण: शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा, डावीकडे आलं तर डावखुरा. बहुतेक गोगलगायी उजव्या असतात, त्यामुळे डावखुरा शंख दिसला की शक्यता पटकन कमी होतात.
• वेढे: शंखाला किती वेढे आहेत, ते फुगीर आहेत की चपटे, दोन वेढ्यांमधली शिवण खोल आहे की उथळ.
• तोंड: गोल, लांबट की चंद्रकोरीसारखं. कड पातळ आहे की जाड. आत दातासारखे उंचवटे आहेत का.
• नाभी: शंखाच्या बुडाशी मधोमध असलेलं छिद्र. काहींमध्ये ते उघडं असतं, काहींमध्ये बंद.
• पृष्ठभाग: गुळगुळीत, आडव्या-उभ्या रेघांचा की कंगोऱ्यांचा.
• झाकण: काही गोगलगायी आत गेल्यावर तोंड झाकणाने बंद करतात. काहींना झाकणच नसतं.

खनिजाच्या गोळ्यात यातलं काहीच नसतं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये खनिजं भरतात. असा गोळा फुटलेला असेल तर आत स्फटिक किंवा एकावर एक थर दिसतात. टोकापासून तोंडापर्यंत मोठा होत जाणारा वेढा मात्र दिसत नाही.

लाव्हाच्या दोन थरांमधलं तळं

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा एकदाच वाहिला नाही. तो थरावर थर साचत गेला आणि मध्ये मोठी विश्रांती होती. त्या काळात तळी तयार झाली, झाडं वाढली, गोगलगायी आल्या. पुढचा लाव्हा आला आणि तळ्याचा गाळ खाली दबला. अशा गाळाच्या थरांना भूशास्त्रात ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात. वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव-मारगसूर हे ठिकाण अशाच थरातल्या वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी अभ्यासकांना माहीत आहे. नागपूरचं टाकळी शंखांसाठी प्रसिद्ध आहे.

टाकळीचे शंख जगासमोर आणले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४५ मध्ये नागपुरात आलेले हे स्कॉटिश मिशनरी. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसरातले जीवाश्म गोळा केले आणि १८६० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात शंखांची वर्णनं छापली. त्यातल्या एका बारीक शंखाला त्यांनी ‘वाल्वाटा मिनिमा’ असं नाव दिलं. मिनिमा म्हणजे सगळ्यात लहान.

या थरांमधला सगळ्यात ओळखीचा शंख ‘फायसा प्रिन्सेपी’. त्याचं वर्णन १८४० मध्येच झालं होतं. तो डावखुरा आहे. आजच्या फायसा गोगलगायी साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या असतात, तर प्रिन्सेपीचे काही शंख पाच सेंटिमीटरच्याही पुढे जातात. त्याच तळ्यांमधली ‘लिम्निया’ लांबट असली तरी उजवी. म्हणून दोन्ही शंख दगडात अर्धवट दिसत असले, तरी तोंड कोणत्या बाजूला आहे हे कळलं की गल्लत होत नाही.

नाव चुकलं तर काय बिघडतं?

शंखावरून खडकाचं वय ठरवलं जातं, म्हणून नावाला महत्त्व. हिस्लॉप यांच्या काळात खडकाचं वय मोजणारी यंत्रं नव्हती. त्यांनी शंख आणि इतर जीवाश्मांची तुलना युरोपातल्या माहितीशी केली आणि हे थर डायनोसॉरनंतरच्या ‘टर्शरी’ काळातले मानले. दख्खनचा लाव्हा क्रिटेशस काळातला की टर्शरी, हा वाद पुढे अनेक दशकं चालला. किरणोत्सर्गी कालमापन आल्यावर लाव्हाचा मोठा भाग या दोन काळांच्या सीमेच्या आसपासचा असल्याचं स्पष्ट झालं. डायनोसॉर संपले ती हीच वेळ. त्यामुळे विदर्भातल्या तळ्यातला छोटासा शंख पृथ्वीवरच्या मोठ्या विनाशाचा साक्षीदार ठरतो. पण त्याची ओळख आणि त्याचा थर, दोन्ही बरोबर असतील तरच.

गुहेतली वाळूच्या कणाएवढी गोगलगाय

वर्ध्याच्या बेसॉल्टमध्ये मोठ्या नैसर्गिक गुहा सहसा होत नाहीत. चुनखडी मात्र पाण्यात विरघळते आणि तिच्यात गुहा तयार होतात. शंख बनतो तोही चुन्यापासूनच. म्हणून चुनखडीच्या प्रदेशात बारीक गोगलगायी भरपूर असतात आणि ओळखण्याची खरी परीक्षा तिथेच होते.

मेघालयात चेरापुंजीजवळ मॉसमाई गुहा आहे. पर्यटक रोज ये-जा करतात अशा या गुहेत ‘जिओरिसा मॉसमाएन्सिस’ ही नवी प्रजाती सापडली आणि २०२१ मध्ये तिची नोंद झाली. तिचा शंख दोन मिलिमीटरपेक्षाही लहान. याच भागातून १८५१ मध्ये वर्णन झालेली ‘जिओरिसा सारिट्टा’ तिच्यासारखीच दिसते. फरक रेघांचा आहे. जुन्या प्रजातीच्या सगळ्यात मोठ्या वेढ्यावर सात ठळक रेघा आहेत, नवीवर चार.

व्हिएतनाममधल्या गुहेच्या मातीतून २०२२ मध्ये वर्णन झालेली ‘अँगुस्टोपिला सॅमिऑन’ याहूनही बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. असे शंख माती चाळून वेगळे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

शंख कुठे फसवतो?

एकसारख्या परिस्थितीत राहणाऱ्या गोगलगायींचे शंख एकमेकांसारखे होऊ शकतात. युरोपातल्या गुहांमधल्या ‘झोस्पियम’ गोगलगायींचे शंख लहान आणि जवळजवळ पारदर्शक. क्रोएशियातल्या एका गुहेत सुमारे ९८० मीटर खोलीवर सापडलेली झोस्पियम २०१३ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदली गेली. या गटाचा डीएनए तपासल्यावर लक्षात आलं की नुसत्या शंखावरून केलेली विभागणी अनेकदा पुरेशी नसते.

जीवाश्माच्या बाबतीत अडचण मोठी आहे. फायसा आणि ‘ब्युलिनस’ दोघींचे शंख डावखुरे. जिवंत असताना शरीर आणि रक्तावरून त्या वेगळ्या ओळखता येतात, कारण ब्युलिनसच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. दगडात शरीरही उरत नाही आणि डीएनएही नाही. उरतो फक्त शंख आणि तो ज्या थरात सापडला ती जागा.

दगडात शंख दिसला तर

शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा खदानीत असा दगड दिसला तर तो फोडू नये. शेजारी नाणं ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढावा. शंखाचं तोंड दिसत असेल तर त्याचाही जवळून फोटो घ्यावा. गाव, नेमकी जागा, किती खोलीवर आणि कोणत्या रंगाच्या थरात सापडला, हे लिहून ठेवावं. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आणि विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग आहे. तिथे माहिती देता येते. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवलेला, जागेची नोंद नसलेला शंख दिसायला छान असतो, पण त्याचा थर सांगता येत नाही आणि थर कळला नाही तर वयही सांगता येत नाही.