क्रीतानुशय व असत्य कथन

बपेरा हें भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील अगदीं सीमेवरचें गांव. पलीकडे बालाघाट, तो जिल्हाहि १८६७ सालीं अंशतः भंडाऱ्यांतूनच निघाला. सीमा झाली तरी गुराढोरांचे सौदे तिला कधीं जुमानीत नाहींत. अशाच एका सौद्यांत आम्हीं पूर्वीं एक दुभती गाय घेतली. विकणारानें सांगितलेलें दूध तिला नाहीं, हें चौथ्या दिवशीं उमगलें. याज्ञवल्क्यानें दुभत्या जनावराच्या परीक्षेस तीनच दिवस दिले आहेत! आम्ही शास्त्र जाणत होतों, म्हणून मुकाट्यानें बसलों. तें चुकलें, असें आतां वाटतें.

कां, तें सांगतों. याज्ञवल्क्याची ही मुदत वस्तूगणिक निराळी आहे: लोखंडास एक दिवस, ओढकाम करणाऱ्या जनावरास पांच, रत्नास सात, बियाण्यास दहा. मनूनें सरसकट दहा दिवस सांगितले. परंतु हा क्रीतानुशय, म्हणजे घेतल्यावर होणारा पश्चात्ताप; त्यांत विकणाराचें कपट गृहीत धरलेलें नाहीं. निर्दोष माल दाखवून सदोष देणारास नारदानें वेगळा दंड सांगितला आहे: किंमतीच्या दुप्पट रक्कम घेणारास, व तितकाच दंड राजास. जेथें कपट दिसेल तेथें सारा व्यवहार फिरवावा, असें मनूहि म्हणतो. आम्ही पहिलें प्रकरण वाचून दुसरें विसरलों होतों.

१८७२ च्या करार कायद्यांतहि हाच भेद आहे. कलम १७ जाणूनबुजून केलेल्या कपटाचें, कलम १८ सद्भावनेनें केलेल्या असत्य कथनाचें. दोहोंतहि फसलेला पक्ष करार रद्द करूं शकतो, किंवा करार कायम ठेवून, कथन खरें असतें तर ज्या स्थितींत आपण असतों त्या स्थितींत आपणांस आणावें, अशी मागणी करूं शकतो. रद्द केल्यास मात्र मिळालेला लाभ परत द्यावा लागतो. साधारण दक्षतेनें सत्य कळण्याजोगें होतें, ही सबब कथन निष्कपट असल्यास किंवा नुसतें मौन असल्यासच चालते. उघड खोटें बोलणारास ती उपयोगी नाहीं. परीक्षा करून पसंत केलेला माल परत करतां येत नाहीं, या नारदवचनाची येथें आठवण होते. कायद्यांतील उदाहरण पाहा: नीळ वर्षाला पांचशें मण होते असें सांगितलें, पण घेणारानें हिशेब तपासून चारशेंच होते हें पाहिलें, आणि तरीहि कारखाना घेतला, मग त्यास तक्रार उरत नाहीं.

हिशेब वाचतां न येणाऱ्या कुळानें काय करावें, हा प्रश्न मात्र उरलाच. कागदावर शंभर, हातीं पन्नास, अशा दस्तऐवजांचा राग १२ मे १८७५ रोजीं सुप्यास फुटला व सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास कागदामागें जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्यास सांगितलें. पुणें, सातारा, सोलापूर व नगर हे जिल्हे त्याचे प्रथम लाभार्थी. भंडारा तेव्हां मध्यप्रांतांत. तो कायदा बपेऱ्यापर्यंत आला नाहीं.