ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात

अण्णा एसटीत चालक होते. नाशिक डेपो, नाशिक-मुंबई फेरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्षातून एकदा ते मला बरोबर न्यायचे आणि माझी जागा ठरलेली असायची: त्यांच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या बॉनेटशेजारी. बॉनेटवर जाड गादीचं आवरण असायचं, तरी पाय भाजायचे. घोटी, मग इगतपुरी, मग उजवीकडची घाटनदेवी. प्रवासी खिडकीतून देवीला नाणी टाकायचे. अण्णा टाकायचे नाहीत. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असायचे, कारण घाट सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवून घ्यायचा, ही त्यांची शिस्त.

ते कसं करायचे ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. क्लच दाबला, दांडी न्यूट्रलला आणली, क्लच सोडला, पायाने एक छोटी रेस दिली, पुन्हा क्लच दाबला आणि दांडी खालच्या गिअरात. खट्ट आवाज न होता. याला डबल क्लच म्हणतात. तेव्हाच्या अनेक बस-ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये दात जुळवून देणारी सोय नव्हती. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग ड्रायव्हरनेच कानाने आणि पायाने जुळवायचा. जुळला नाही तर दात करकरायचे आणि गाडी न्यूट्रलमध्ये लटकायची. चढावर असं झालं तर गाडी थांबते, एवढंच. उतारावर झालं तर ती वेग घेते, आणि वेग घेतलेल्या गाडीला खालचा गिअर परत पडत नाही. म्हणून गिअर घाटाच्या तोंडाशी, गाडी हळू असताना टाकायचा. अर्ध्या घाटात सुचून उपयोग नाही.

अण्णांच्या पिढीचा नियम एका ओळीचा होता: ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. हा नियम मी पुस्तकात वाचला नाही. तो डेपोत, ढाब्यावर, क्लीनरच्या तोंडून ऐकला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हापासून या राज्याच्या घाटांनी ड्रायव्हरांच्या कितीतरी पिढ्या याच नियमावर घडवल्या. मोहही होताच. दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब डेपोत राहतो, आणि उतारावर न्यूट्रल मारली तर डिझेल वाचतं असं वाटतं. अण्णा त्याला पैसे वाचवणं म्हणत नसत. "पोरी, न्यूट्रलमधली गाडी कुणाचीच नसते," असं म्हणायचे.

ही अतिशयोक्ती नाही, हिशेब करून बघा. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत उतार सुमारे तीनशे मीटरचा आहे. माणसं आणि सामान धरून तेराशे किलोची छोटी गाडी तेवढी खाली येते, तेव्हा साधारण एक युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे हजार वॉटची इस्त्री तासभर चालू ठेवण्याएवढी. त्यातली थोडी वारा आणि टायर खातात. उरलेली एकतर इंजिनाने खायची, नाहीतर ब्रेकच्या लायनरने, आणि तीही घाटाच्या त्या काही मिनिटांत. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते, तेलात वाफ झाली की पेडल स्पंजासारखं खाली जातं. भरलेल्या बससाठी हाच आकडा दहापट धरा. जुन्या कसारा घाटातल्या एका वळणाला लोकांनी 'ब्रेक फेल पॉइंट' असं नाव ठेवलं आहे. ते उगाच पडलेलं नाही.

रेल्वेला हे आपल्याआधी कळलं. मुंबईहून निघालेली लाईन हाच कसारा घाट, म्हणजे थळ घाट, चढून १८६५ च्या १ जानेवारीला इगतपुरीत पोचली. चढण सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आजही कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, हे नाशिककर प्रवाशाला सांगायला नको. उतरणाऱ्या गाडीसाठी मात्र वेगळी सोय केलेली आहे, तिकडे लक्ष फार जात नाही: मुख्य रुळाच्या बाजूला चढावर नेणाऱ्या कॅच सायडिंग. गाडी हाताबाहेर गेली तर तिला त्या चढावर वळवायचं आणि चढाने तिला थांबवायचं.

१९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत विजेची लाईन आली आणि तिच्यावर ती लांब नाकाची, मधून वाकणारी मालगाडीची इंजिनं आली. स्वित्झर्लंडच्या घाटांतली ही घडण. आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांनी तिला 'खेकडा' म्हटलं. हा खेकडा घाट उतरताना आपल्याच मोटारींना जनित्र करायचा आणि वीज वरच्या तारेत परत सोडायचा. आज विजेवरच्या मोटारींच्या जाहिरातीत ज्या 'रीजन'चं कौतुक असतं, ते थळ घाटात आमच्या आजोबांच्या वेळीच होत होतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

मोटारीच्या गिअरचा प्रवास याहून लांबचा. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणला, म्हणजे दात जुळवण्याचं काम गिअरबॉक्सने पत्करलं. १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत हायड्रामॅटिक आली आणि क्लचचं पेडलच गेलं. तरी अमेरिकेतल्या त्या ऑटोमॅटिकला आपण काय हवं ते सांगू शकत नव्हतो. फार तर 'लो'मध्ये अडकवायचं. ड्रायव्हरचा हात परत आणला तो पोर्शाने, १९९० च्या सुमारास, टिपट्रॉनिक या नावाने: दांडी एका बाजूच्या खाचेत सरकवायची, पुढे-मागे ढकलायची, गिअर एकेक वाढतो नाहीतर कमी होतो. आज आपल्या गाडीत 'एम' असं अक्षर आणि अधिक-उणे ही चिन्हं दिसतात, त्यांचं मूळ हे.

नाशिकमध्ये ही गोष्ट उशिरा आली, पण आली ती घरातच. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ २००२ मध्ये रस्त्यावर आली, आणि २००८ मध्ये तिला सहा गिअरांचा ऑटोमॅटिक मिळाला. इंजिनांचा कारखाना तर घाटाच्या डोक्यावर, इगतपुरीतच. २०२० ची नवी थारही नाशिकचीच, आणि तिच्यात पहिल्यांदा ऑटोमॅटिक आला. सामान्य घरात मात्र ऑटोमॅटिक पोचला तो २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओतून. तिची युक्ती साधी होती: जुना मॅन्युअल गिअरबॉक्स आणि जुनाच क्लच, फक्त क्लच दाबण्याचं आणि दांडी हलवण्याचं काम यंत्राकडे. याला एएमटी म्हणतात. किंमत आवाक्यात राहिली, आणि गुडघे दुखणाऱ्या, गर्दीत कंटाळलेल्या हजारो लोकांना गाडी परत चालवावीशी वाटली. मी चालक प्रशिक्षणाची शाळा चालवते. त्यानंतरच्या वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या बायकांची, विशेषतः पन्नाशी उलटलेल्यांची संख्या वाढली ती या गाड्यांमुळे.

आणि माझी काळजीही तिथूनच सुरू झाली. एका निवृत्त शिक्षिकेने ठाण्याला मुलीकडे जाताना फोन केला. कसारा उतरून गाडी बाजूला घेतली होती, चाकांतून जळका वास येत होता, आणि त्या घाबरल्या होत्या. गाडीत बिघाड काहीच नव्हता. त्या पूर्ण घाट 'डी'मध्ये, म्हणजे गिअर यंत्रावर सोपवून, उतरल्या होत्या आणि पाय सतत ब्रेकवर होता. मी त्यांना शहरातली गाडी शिकवली, घाट शिकवला नाही. तो दोष माझा.

'डी'मध्ये घडतं काय, ते नीट समजून घ्या. उतारावर आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. यंत्राला उतार दिसतोच असं नाही, त्याला पाय दिसतो. बऱ्याच साध्या ऑटोमॅटिक गाड्या पाय निघाला की ओझं कमी झालं असं समजून गिअर वाढवतात: तिसऱ्यावरून चौथा, चौथ्यावरून पाचवा. इंजिन शांत होतं, गाडी मोकळी धावते, आणि तिला धरायला उरतो तो फक्त ब्रेक. अण्णांनी ज्याला न्यूट्रल म्हणून नाकारलं, त्याच्या जवळ ही अवस्था जाते. दांडी 'एम'मध्ये घेतली आणि दुसरा किंवा तिसरा टाकला की गिअर तिथेच टिकतो. इंजिनाचा आवाज चढतो. नव्या माणसाला तो आवाज ऐकून गाडीला त्रास होतोय असं वाटतं. त्रास होत नाही. उलट आजच्या इंजिनात अशा वेळी पेट्रोल जवळपास बंदच होतं, चाकं इंजिन फिरवतात आणि त्यातच तो वेग जिरतो. म्हणजे डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्यांचं गणितही आता चुकीचं ठरलं आहे.

चढावर वेगळी खबरदारी. ट्रकामागे गाडी थांबली तर एएमटीला ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. आत क्लच तोच आहे, जळतो. हँडब्रेक ओढा. 'एम'मध्ये पहिला गिअर ठेवा, म्हणजे मधेच दुसरा पडून गाडी दमणार नाही.

आता दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी सहाला मी नव्या ऑटोमॅटिकवाल्यांना घेऊन मुंबई नाक्यावरून निघते. पाथर्डी फाटा, विल्होळी, घोटीचा टोल. घाटनदेवीच्या अलीकडे थांबतो. दांडी त्यांच्याच हाताने 'एम'मध्ये नेते. चिन्हं बघायला लावते, कारण काही गाड्यांत पुढे ढकललं की गिअर वाढतो, काहींत कमी होतो, आणि घाटात हे शोधत बसायचं नसतं. मग ब्रेक: सतत टेकवून ठेवायचा नाही, लागेल तेव्हा ठामपणे दाबायचा आणि सोडायचा. एका काकूंनी खाली पोचल्यावर चाकाजवळ हात नेला. गरम होतं, जळकं नव्हतं. त्या मागे वळून घाटाकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला आहे. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की कसारा घाट टळतो. सोय मोठी आहे, मीही वापरते. पण जुना रस्ता चालू आहे, एसटी त्याच घाटाने जाते, आणि नाशिककराला घाट फक्त कसाऱ्याचा नाही. सप्तशृंग गडाचा आहे, नाशिक-पुणे रस्त्यावर चंदनापुरीचा आहे. गडाला बोगदा नाही.

अण्णा आता नाहीत. त्यांनी ऑटोमॅटिक गाडी कधी चालवली नाही. तुमच्याकडे असेल तर एवढं करा: गाडीचं माहितीपुस्तक काढा, 'एम' कसा लावायचा ते पान वाचा, रिकाम्या रस्त्यावर दोनदा करून बघा. आणि पुढच्या वेळी मुंबईला जाताना घाटनदेवी दिसायच्या आधी दांडी 'एम'मध्ये घ्या, खालचा गिअर टाका आणि कसारा गाव लागेपर्यंत तो बदलू नका.