दुतोंड्या मारुती आणि सोन्याचे कण

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतो. आधी विचारतो, “पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?” गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचं पुराचं माप. वाहत्या पाण्यात पट्टी धरता येत नाही, मग उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून ओळखायचं.

डीएनए चिकटवलेले सोन्याचे कण मोजणाऱ्यांनीही शेवटी हीच युक्ती केली.

हे कण सराफ बाजारातल्या काट्यावरचे नव्हेत. दहा नॅनोमीटरचे एक लाख कण ओळीने लावले, तर कुठे एक मिलिमीटर भरतो. इतकं बारीक सोनं पाण्यात लाल दिसतं. लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच सांगितलं होतं की या लाल पाण्यात सोन्याचेच अतिसूक्ष्म कण आहेत. त्यांना डीएनए जोडायला मात्र १९९६ उजाडलं. अमेरिकेतल्या चॅड मिरकिन आणि पॉल अलिविसाटोस यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे साधलं आणि दोघांचे लेख ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. २००१ मध्ये पुण्यात एनसीएलचे मुरली शास्त्री आणि के. एन. गणेश, विद्यापीठातले सी. व्ही. धर्माधिकारी आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधाराने सोन्याचे कण रांगेत बसवले.

अडचण होती मापाची. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला सोनं स्वच्छ दिसतं, वरचं डीएनएचं आवरण जवळजवळ दिसतच नाही. कण बाहेरच्या जगाला भेटतो तो मात्र आवरणासकट.

मग जेल आलं. अ‍ॅगारोज म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासचाच शुद्ध केलेला भाग. त्याच्या वडीत कण भरायचे आणि वीज सोडायची. डीएनए ऋणभारित, म्हणून कण धन टोकाकडे निघतात. मोठा कण जाळीत जास्त अडखळतो. रंग टाकावा लागत नाही, लाल पट्टे डोळ्यांनी दिसतात. २००१ मध्येच अलिविसाटोस यांच्या गटाने एक धागा, दोन धागे, तीन धागे असलेल्या कणांचे वेगवेगळे पट्टे पाडून दाखवले.

पण धागे वाढले की आकाराबरोबर विद्युतभारही वाढतो. कण हळू का गेला, हे एका जेलवरून कसं कळणार? यावर १९६४ मधली फर्ग्युसनची रीत आहे (पुण्याच्या कॉलेजचा संबंध नाही). तेच कण पातळ, मध्यम, घट्ट अशा जेलमधून पळवायचे. जेल घट्ट होताना वेग किती झपाट्याने पडतो, त्यात आकार कळतो. शेजारी माहीत असलेल्या आकाराचे कण पळवायचे. हे झाले आपले मारुती.

२००३ मध्ये याच गटाने जेलवरून आणखी एक गोष्ट वाचली. कणावर धागे थोडे असले तर ते सोन्यावर लोळण घेतात. दाटी झाली की ताठ उभे राहतात. रिकाम्या एसटीत आपण पसरतो आणि सिंहस्थाच्या गर्दीत अंग चोरून उभे राहतो, तसंच. हा फरक किरकोळ नाही, कारण लोळलेल्या धाग्याला जोडीचा धागा पकडणं जड जातं, आणि रोगनिदानाच्या चाचणीत काम असतं ते नेमकं पकडण्याचंच. आतला सोन्याचा गोळा मात्र दोन्हीकडे तेवढाच.