उष्णतेची चाळणी

थंडीत पहाटे फिरायला निघालो की मी मफलर नाकावरून घेतो. सोडलेल्या श्वासाने लोकर ऊबदार होते आणि आत येणारी गार हवा तीच ऊब घेऊन येते. नेमक्या याच तत्त्वासाठी १८१६ साली स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग या तरुण धर्मोपदेशकाने पेटंट मागितले.

स्टर्लिंगचे नाव आज इंजिनामुळे टिकून आहे. पण त्या पेटंटच्या शीर्षकात इंधनाची बचत आधी येते, इंजिन नंतर. माझ्या मते खरा शोध इंजिनाचा नव्हताच; तो उष्णता धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र भागाचा होता. स्टर्लिंग त्याला ‘इकॉनॉमायझर’ म्हणे, आज त्याला ‘रीजनरेटर’ म्हणतात. तापलेली हवा धातूच्या बारीक फटींतून जाताना आपली उष्णता तिथे ठेवते आणि परतताना उचलते.

फटी बारीक का? एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच ०.१ मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, तर तो ६०० होतो. धातू तेवढाच, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग शंभरपट. मात्र फटी फारच अरुंद झाल्या तर हवा ढकलण्यातच शक्ती खर्ची पडते. हा तोल साधण्याची कसरत आजही संपलेली नाही.

१८४३ मध्ये डंडीच्या एका ओतशाळेत स्टर्लिंग बंधूंचे इंजिन चालू झाले. पण सिलिंडरची तापणारी टोके पुन्हा पुन्हा जळाली आणि १८४७ च्या सुमारास ते बंद पडले. कच्चे ठरले ते ओतीव लोखंड, कल्पना नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये जॉन एरिक्सनची चूक वेगळी होती. १८५३ मध्ये चाचणी झालेल्या त्याच्या जहाजात १४ फूट व्यासाचे सिलिंडर आणि तारांच्या जाळ्या होत्या. तीच उष्णता पुन्हा पुन्हा काम करील, असा त्याचा विश्वास होता. पण काम झाले की तेवढी उष्णता खर्ची पडते, हे जूलने आधीच दाखवून दिले होते. जाळी परत देते ती फक्त वाया जाणारी उष्णता. जहाज मंद चालले आणि लवकरच त्यावर वाफेची इंजिने आली.

हे तत्त्व रुजले ते भट्टीत. १८५६ मध्ये फ्रीडरिख सीमेन्सने विटांच्या जाळीदार रचनेतून धुराची उष्णता आत येणाऱ्या हवेला देण्याचे पेटंट घेतले. मायकेल फॅरेडेने १८६२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधले आपले अखेरचे शुक्रवारचे व्याख्यान याच भट्टीवर दिले. पुढे विसाव्या शतकात आइंडहोवनच्या फिलिप्स कंपनीने बारीक तारांचा रीजनरेटर वापरून, स्टर्लिंगचे चक्र उलटे फिरवून, हवेचे द्रवात रूपांतर करणारी यंत्रे बनवली.

बेसेमरचे पोलाद आपल्या काळात असते तर आपले इंजिन यशस्वी झाले असते, असे वृद्ध स्टर्लिंगने १८७६ मध्ये लिहिले. हे वाचताना मला चुटपुट लागते. कारण १८६५ पासून पोलाद बनवण्याची दुसरी मोठी पद्धत, सीमेन्स-मार्टिन भट्टी, उष्णता परत मिळवण्याच्या याच युक्तीवर उभी होती. इंजिनाला हवे असलेले पोलाद त्याच्याच ‘इकॉनॉमायझर’च्या तत्त्वावर तयार होऊ लागले, फक्त स्टर्लिंगच्या उमेदीची वर्षे तोवर सरली होती.