‘हो, झाला त्रास’

माझ्या पहिल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग मी गाईडना ऐकवलं, त्याला आता तीन वर्षं झाली. निवृत्त गिरणी कामगार, लालबागची खोली, समोर चहा. मी विचारतो, “संपाच्या वेळी खूप त्रास झाला असेल ना?” काका म्हणतात, “हो, झाला त्रास.” मग शांतता. मग मीच संपाबद्दल दोन मिनिटं बोलतो! चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ माझाच आवाज. गाईड फक्त एवढंच म्हणाल्या, “१९८२ चा संप तू त्यांना सांगतोयस की ते तुला?”

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. खुला प्रश्न विचारून गप्प बसायचं, हे कुणीतरी कुणाला तरी मुद्दाम शिकवलं असणार ना? शोधत गेलो आणि पोहोचलो शिकागोजवळच्या सिसरो गावात, वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात. टेलिफोनची यंत्रं बनवणारा हा अवाढव्य कारखाना. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत तो भेटतो तो दिव्यांच्या प्रयोगामुळे. मुलाखतींचं प्रकरण मात्र बहुतेक जण एका परिच्छेदात उरकतात.

सप्टेंबर १९२८ मध्ये कंपनीने तपासणी विभागातल्या सुमारे १,६०० कामगारांच्या मुलाखती सुरू केल्या. सुपरवायझरांच्या प्रशिक्षणासाठी माहिती हवी होती. प्रश्न ठरलेले: काम आवडतं का, साहेब नीट वागतो का, जागा कशी आहे. पण कामगार भलतीकडेच जायचे. विचारलं दिव्यांबद्दल, तर बोलायचे घरातल्या आजारपणाबद्दल. मुलाखतकार त्यांना परत रुळावर आणायचा, की लगेच पुन्हा ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक आहे’. माझे काका आठवले की नाही?

१९२९ च्या मध्यावर त्यांनी उलटं केलं. विषय कामगाराने निवडायचा, मुलाखतकाराने मागे मागे जायचं. वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, मध्ये तोडायचं नाही. माणूस काय सांगतोय, काय सांगायचं टाळतोय आणि मदतीशिवाय काय सांगूच शकत नाही, या तिन्हींकडे कान ठेवायचा. अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तासावर गेली. १९३० पर्यंत अशा एकवीस हजारांवर मुलाखती झाल्या. हे करणारे कुणी मानसतज्ज्ञ नव्हते, बरेचसे कंपनीतलेच सुपरवायझर होते. म्हणजे ज्यांचा अख्खा दिवस हुकूम देण्यात जायचा, त्यांनाच गप्प बसायला शिकवलं जात होतं. मला या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटते.

एल्टन मेयोने सांगितलेला एक किस्सा आहे. एका कामगार स्त्रीला आपला सुपरवायझर अजिबात आवडायचा नाही. बोलता बोलता तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं, की तो तिच्या नावडत्या सावत्र वडिलांसारखा दिसतो. गंमत म्हणजे त्याच सुपरवायझरने मुलाखतकाराला आधीच बजावलं होतं, की ही बाई सांभाळायला कठीण आहे. ‘साहेब आवडतो का?’ या प्रश्नाला तिचं उत्तर ‘नाही’ एवढंच आलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

शिकवण्याचा पुढचा टप्पा ओहायोत घडला, कार्ल रॉजर्सकडे. टेप येण्याआधीच्या काळात तो समुपदेशनाची संभाषणं तबकड्यांवर नोंदवायचा. एका बाजूवर काही मिनिटंच मावायची, त्यामुळे तबकड्या सतत बदलत राहायच्या. इतका खटाटोप कशासाठी? तर विद्यार्थ्यांना आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकता यावं म्हणून. आपण समोरच्याला मोकळं सोडतोय असं वाटत असतं, आणि तबकडी सांगते, की तू त्याला ढकलत होतास. १९४२ मध्ये त्याने यावर लेख लिहिला. तो वाचताना मला गाईडची खोली आठवली.

पण हॉथॉर्नची गोष्ट गोड नाही. मंदी आली आणि मुलाखती थांबल्या. १९३६ मध्ये त्याच पद्धतीवर तिथे कायमचे समुपदेशक नेमले गेले. त्यांनी ऐकायचं, पण तक्रार पुढे न्यायची नाही, हा नियम. १९५१ मध्ये विलेन्स्की दांपत्याने यावर टीकेचा लेख लिहिला: युनियनकडे जाऊ शकणारी तक्रार इथे बोलूनच विरघळते आणि कारखाना आहे तसाच राहतो. मला ही टीका बरोबर वाटते. माझ्या कामालाही ती लागू पडते. काका दोन तास बोलतात, मला डॉक्टरेट मिळते, त्यांच्या घराचा अर्ज मात्र तिथेच पडून राहतो.

काकांकडे मी परत गेलो होतो. या वेळी विचारलं, “गिरणी बंद असताना सकाळ कशी उजाडायची?” ते बराच वेळ गप्प. मी जीभ दाताखाली धरून बसलो. मग म्हणाले, “भोंगा नव्हता ना. तरी पोरांची आई चारला उठून डबा भरायची. तिला कोण सांगणार?”

पुढचे दोन तास मी फक्त तीन प्रश्न विचारले. त्यातला एक चहाबद्दल होता.